दौलतकाकांनी न थोपटलेली गाडी

कुणी जुनी मोटार घेतली, तिला हार घातला आणि पेढे घेऊन आमच्या दारात आलं, की मी आधी पेढा तोंडात टाकते आणि मग विचारते, "नीट बघून घेतलीत ना?" "हो तर! मिस्त्रीला दाखवली," असं उत्तर येतं. मग मी दुसरा पेढा उचलते. गाडी मिस्त्रीला दाखवणं म्हणजे काय असतं, हे धारमध्ये त्या काळी ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. आणि त्याच मिस्त्रीनं आम्हाला कसं खड्ड्यात घातलं, हे फक्त आमच्या घराला माहीत आहे. माझी बहीण शरयू आता त्या गोष्टीवर हसते. मला अजून हसू येत नाही.

दौलतराव त्यांचं नाव. आम्ही दौलतकाका म्हणत असू. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यांच्या चाकरीला माळव्यात आले. वडील धारजवळच्या एका जहागीरदारांच्या पागेत होते. पुढे जहागीरदारांनी घोडे कमी केले, मोटारी आणल्या, तसे दौलतकाका पागेतून मोटारखान्यात आले. जागा तीच, गव्हाण काढून तिथे तेलाचे डबे ठेवले इतकंच. त्यामुळे मोटारीला ते शेवटपर्यंत "जनावर" म्हणत. "जनावर तहानलंय" म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी नाही. "जनावर अंग चोरतंय" म्हणजे चढावर ताकद कमी पडते. मोटार विकायला आणणारा माणूस तोंडभर बोलत असायचा आणि काका टायर बोटांनी चाचपत म्हणायचे, "तुम्ही बोला भिया, मी दात बघतो." भिया म्हणजे भाऊ.

बुटके, रुंद खांद्यांचे, आणि कान इतके मोठे की आमचे धाकटे भाऊ त्यांच्या पाठीमागे हातांनी कान हलवून दाखवत. पण त्या कानांचा रुबाब होता. त्यांच्याजवळ सागाची हातभर लांब पट्टी असे. चालू इंजिनावर तिचं एक टोक टेकवून दुसरं कानाशी धरत आणि डोळे मिटून मान थोडी डावीकडे कलती करत. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. आमचे वडील, म्हणजे नाना, एकदा नुसते खोकले, तर डोळे न उघडता म्हणाले, "साहेब, खोकायचं ते बाहेर जाऊन."

विलीनीकरण झालं, संस्थानं गेली आणि माळव्यातल्या सगळ्या मोठ्या लोकांच्या मोटारी एकदम विकायला निघाल्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात टांग्याशिवाय काही पाहिलं नव्हतं, ते वकील, आडते, सावकार मोटारी घ्यायला धावले. बहुतेकांना एवढंच कळायचं, की रंग कसा आहे आणि भोंगा कसा वाजतो. अशा वेळी "दौलतरावला दाखवलं का?" हा प्रश्न धारपासून देवासपर्यंत सगळे विचारू लागले.

त्यांची पद्धत ठरलेली. घरात माणसं किती, हे पहिलं विचारायचे. मग विचारायचे, "त्यात हट्टी किती?" लोक हसत, पण त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. त्यांचं म्हणणं, की कुटुंबाची गाडी पुढच्या नव्हे, मागच्या सीटवर बसून पारखायची. पुढे बसणाऱ्याला रस्ता दिसतो, मागे बसणाऱ्याच्या वाट्याला नुसते हिसके येतात. म्हणून घरातल्या बायकांना ते मुद्दाम बोलावून घेत आणि काठोकाठ भरलेला तांब्या हातात देऊन मागे बसवत. गाडी हिंडून आली की पदर किती भिजला ते बघत. आणि वीस मैल चालवल्याशिवाय कधी मत देत नसत. "दहा मैलांपर्यंत जनावर पाहुण्यासारखं वागतं. वीस मैलांनंतर घरचं होतं आणि खरं काय ते बोलतं," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ होतं.

सगळं पसंत पडलं, तर बॉनेट तळहातानं तीनदा थोपटायचे. थप, थप, थप. तोंडानं एक अक्षर नाही. तो त्यांचा शिक्का. मग घेणाऱ्यानं नारळ द्यायचा, तो घेऊन ते घरी जात. दलाली म्हणून त्यांनी कुणाकडून काही घेतलेलं मला माहीत नाही, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग असूनही हे मी सांगते आहे.

कन्नौदच्या एका आडत्याची गोष्ट नाना फार रंगवून सांगायचे. शेठजींनी एक लालभडक गाडी पसंत केली होती आणि दौलतकाकांनी फक्त मान डोलवावी म्हणून त्यांना बोलावून नेलं. काकांनी मंडीतच सांगितलं, "घरची सगळी माणसं बोलवा." चौदा माणसं आली. काकांनी चौदाही आत कोंबली. शेठजींच्या आई सगळ्यात शेवटी, सुनेच्या मांडीवर. दार लावायला गेले तर ते लागेना, आणि आतून म्हातारी हसून हसून बेजार झालेली. शेठजी चिडले. म्हणाले, "अरे मिस्त्री, गाडी में खराबी कंई हे, वा बताव!" काका शांतपणे म्हणाले, "गाडी बराबर हे, सेठ. आपको कुनबो ज्यादा हे." आणि सायकलला टांग मारून निघून आले.

पण दौलतकाका म्हणजे काय, हे सांगायचं तर सरदारपूरची गोष्ट सांगायला हवी. तिथल्या एका वकिलांना त्यांनी गाडी बघून दिली, थोपटली, नारळ घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना त्यांना आठवलं, की काल तिसऱ्या गिअरमध्ये एकदाच, फक्त एकदाच, काहीतरी खटकलं होतं. अंगावर पाणी तसंच ठेवून उठले. सायकल काढली. धार ते सरदारपूर काही थोडंथोडकं अंतर नाही, आणि दिवस उन्हाळ्याचे. दुपारी वकिलांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "भिया, कालचं थोपटलेलं परत घेतो." वकिलांना वाटलं, ह्याला मागाहून काही हवं आहे. काकांनी तिथेच गिअरची पेटी उघडली आणि आतला तुटका दात काढून त्यांच्या हातावर ठेवला. मग नारळही परत दिला, घोटभर पाणी प्यायले आणि आल्या वाटेनं निघाले. वकील त्यांना ना ओळखीचे, ना पाळखीचे. मी ही गोष्ट मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा वर्गात सांगत असे. खरेपणा कसा असतो, तर असा, म्हणून. आता आठवलं की माझीच मला चीड येते.

आणखी एक खूण सांगते, म्हणजे पुढचं कळेल. काका पितळेची झाळ फार सुरेख देत. आमची देवघरातली समई कमरेत मोडली होती, ती त्यांनी अशी सांधली की जोड कुठे ते सापडेना. सापडले ते तीन बारीक ठिपके, बेलाच्या पानासारखे. स्वतःच्या प्रत्येक कामावर ते ठसा उमटवायच्या लोखंडी पंचानं तेवढे तीन ठिपके ठोकत. "उद्या बिघडलं तर कुणाच्या नावानं ओरडायचं ते कळायला हवं ना, बई," असं म्हणायचे; आम्हा मुलींना ते "बई"च म्हणत.

त्यांच्यात एक गोष्ट मात्र मला तेव्हाही कळत नसे. त्यांचे जहागीरदार, ज्यांना ते "सरकार" म्हणत, ते जहागीर गेल्यावर बहुतेक इंदूरलाच राहू लागले होते. मोटारखान्यातल्या माणसांचे पगार बंद झाले. एकेक जण निघून गेला. काका मात्र रोज सकाळी पितळी बटणांचा खाकी कोट घालून जात, गाड्या पुसत. आणि सरकारांच्या गाडीपाशी आले, की तीन पावलं मागे सरून, वाकून, रिकाम्या सीटला मुजरा करत. मी एकदा हसून विचारलं, "काका, आत कुणीच नाही!" तर म्हणाले, "जागा तर आहे ना." नानांना हे वाक्य फार आवडलं. नाना स्वतः संस्थानच्या दफ्तरात शिरस्तेदार होते. त्यांचीही सगळी हयात वाकण्यात गेली होती.

आता आमचं. घरात आम्ही नऊ माणसं. नाना, आई, मी, शरयू, दोन धाकटे भाऊ, आणि विधवा आत्या व तिची दोन मुलं. विलीनीकरणानंतर नानांची बदली देवासला झाली आणि घर राहिलं धारला. अशात शरयू शाळेच्या जिन्यावरून पडली. वय सोळा. मांडीचं हाड मोडलं आणि इथे जे बसवलं ते वाकडं बसलं. इंदूरच्या डॉक्टरांनी छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, की मुंबईचे एक मोठे सर्जन दर तीन-चार महिन्यांनी एक दिवस येतात. चैत्रात येतील, तेव्हा हिला आणा. ते हाड पुन्हा सरळ बसवतील. ती वेळ चुकली तर मात्र हाड वाकडंच पक्कं होईल, मग कुणाचा इलाज नाही. प्लास्टरमुळे तिला बसता येत नव्हतं, म्हणजे बस नाही, टांगा नाही. पहिल्यांदा नेली ती ट्रकमध्ये गाद्या घालून, आणि त्या दिवशीचं तिचं ओरडणं आई विसरू शकत नव्हती. पुढे मालिश, तपासण्या, वर्षभर खेपा घालाव्या लागणार होत्या. शेवटी आईनं पाटल्या काढून नानांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "एक गाडी बघा. पोर आडवी मावली पाहिजे आणि वाटेत दगा देता कामा नये. बाकी काही म्हणणं नाही माझं."

अर्थात दौलतकाकांना बोलावलं. ते आले, शरयूच्या खाटेपाशी उकिडवे बसले, खिशातून सुतळी काढली आणि तिच्या डोक्यापासून प्लास्टरच्या टोकापर्यंत धरून गाठ मारली. "आता ही सुतळी जिच्यात मावेल, ती आपली गाडी," म्हणाले. शरयू कित्येक दिवसांनी हसली. दोन महिने ती सुतळी खिशात घेऊन काका हिंडले. देवासच्या एका हेडमास्तरांची गाडी बघितली, ती लांबीला कमी पडली. धरमपुरीला एक बरी गाडी होती, ती कधीतरी नर्मदा उतरताना नावेवरून घसरून पाण्यात पडली होती. काकांनी तळाची गादी हुंगली आणि म्हणाले, "हिनं आंघोळ केलीय. नको." तिसरी इतकी हिसके देई की आत्याचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं. नाना कंटाळले. चैत्र जवळ येत होता. काका म्हणत, "साहेब, पोर झोपवायची आहे. घाई नाही करायची."

आणि मग सरकारांनी आपली शिकारीची वॅगन विकायला काढली.

लाकडी अंगाची, लांबलचक, विलायती गाडी. मागचं दार फळीसारखं खाली पडे. मागच्या सीट काढल्या की सपाट जागा. एरवी सगळ्या गाड्या काका शोधून आणत, ही नानांनी शोधली. सरकारांचा कारभारी त्यांच्या ओळखीचा. नानांनी ठरवलं, की काकांच्याच मोटारखान्यातली गाडी, तिच्यासारखी माहितीतली दुसरी कुठली मिळणार?

आम्ही बघायला गेलो, तेव्हा सरकार स्वतः इंदूरहून आले होते. वेताच्या खुर्चीवर बसले होते. काकांनी सुतळी वॅगनमध्ये पसरली. गाठ मावली, वर वीतभर जागा उरली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टी लावून इंजिन ऐकणं झालं. मग काका गाडी मांडवच्या रस्त्याला घेऊन गेले आणि परत आले. जाऊन-येऊन सहा-सात मैल. माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी जेमतेम हललं. सरकारांनी खुर्चीवरूनच विचारलं, "काय दौलतराव, आमची गाडी कशी आहे?"

काका वॅगनसमोर उभे राहिले. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो. तो हात वर आला नाही. ते तीन पावलं मागे सरले, वाकले आणि गाडीला मुजरा केला.

नाना गहिवरले. माझ्या कानाशी म्हणाले, "मुजरा केला गं! आजवर विकायला काढलेल्या कुठल्या गाडीला केलाय का?" नारळ दिला, तो काकांनी घेतला नाही. "घरचीच गाडी आहे, साहेब," एवढंच म्हणाले. नानांना त्यातही मोठेपणा दिसला. माझ्या मनात मात्र काहीतरी खुपलं. निघताना मी त्यांना बाजूला गाठून विचारलं, "काका, थोपटली नाहीत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुतळी बोटाभोवती गुंडाळत म्हणाले, "बई, ही सरकारची गाडी. हिला हात उचलून थोपटायचं नसतं." मला ते पटलं. मी तरी कुठल्या वेगळ्या घरात वाढले होते?

इंदूरला जायच्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात आले. शरयूला उचलून त्यांनीच गाडीत निजवलं, उशी सारखी केली. नाना दौऱ्यांवर जीप चालवायला शिकले होते, तेच चालवणार होते. काका त्यांच्या खिडकीपाशी वाकून म्हणाले, "साहेब, वाटेत घाई करू नका. दर सात-आठ मैलांनी उतरून चहा घ्या." नाना हसले. "अहो, सर्जन चहा प्यायला थांबतील का?" काका काहीतरी बोलणार होते. त्यांचं तोंड उघडलेलं मला आठवतं. मग ते मागे झाले.

घाटाबिल्लोदच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली. आधी शिटी वाजल्यासारखा आवाज, मग पांढरा लोट. नाना उतरले. पाणी घातलं, ते इंजिनाच्या अंगावरून वाहून खाली आलं. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. ऊन चढत होतं. आई पदरानं शरयूला वारा घालत होती. प्लास्टरच्या आत घाम आणि खाज, तिला ओरबाडतासुद्धा येईना. दोन बस थांबल्या, बघितलं, गेल्या. तिला आडवी कुठे घालणार? अखेर दुपारी एक रिकामा ट्रक थांबला. ट्रकवाला भला माणूस होता. त्यानं गार झालेल्या इंजिनाच्या कुशीवरचा रंग पान्यानं खरवडला आणि खाली पितळेची लांब रेघ चमकली.

"बाबूजी, इंजन का ब्लॉक तो कब का फटा हुआ है. टाँका मारके रंग दिया है. ठंडे में पकड़ता है, गरम हुआ कि खुल जाता है." मग बोट फिरवत म्हणाला, "पर जिसने भी मारा है, हाथ बड़ा साफ़ है."

मी वाकून पाहिलं. रेघेच्या टोकाला तीन ठिपके होते, बेलाच्या पानासारखे.

ट्रकमध्ये घालून शरयूला इंदूरला नेलं. पोचलो तेव्हा सर्जन स्टेशनवर निघून गेले होते. पुढच्या वेळी ते आले तेव्हा त्यांनी हाडाचा फोटो उजेडासमोर धरला आणि नुसती मान हलवली. हाड पक्कं झालं होतं. शरयूचा डावा पाय अडीच बोटं आखूड राहिला तो राहिलाच.

मला वाटलं होतं, नाना जाऊन मोटारखान्यात तमाशा करतील. निदान काकांना दारात उभं करून जाब विचारतील. इंदूरहून आल्यावर तिसऱ्या दिवशी नाना आईला म्हणाले, "धन्यासमोर धन्याच्या गाडीला नाव कसं ठेवणार तो? मी त्याच्या जागी असतो तर मीही..." आई ताटावरून उठून गेली. मला त्या दिवशी काकांपेक्षा नानांचा जास्त राग आला. आमच्याच घरात बसून आमचे वडील त्यांची बाजू घेत होते.

मग मीच गेले. काका एकटेच मोटारखान्यात होते. खुंटीवर ती गाठीची सुतळी टांगलेली होती. मी म्हटलं, "ते ठिपके तुमचे."

"माझेच, बई."

"माहीत होतं तुम्हाला."

"सरकार समोर बसले होते." त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मी थोपटली नव्हती."

"सरदारपूरला एका परक्या माणसासाठी उन्हात सायकल मारत गेलात! आमचं घर दोन गल्ल्यांवर होतं, काका. दोन गल्ल्या!"

"ती कुण्या दुसऱ्याची गाडी होती." ते थांबले. "माझ्या बापाला ज्यांनी जेवू घातलं, त्यांना मी बाजारात खोटं पाडू? मला वाटलं, तुम्हाला कळेल. मुजरा म्हणजे पसंती नाही, हे दफ्तरात जन्म काढलेल्या साहेबांना कळेल, असं वाटलं. साहेब खूश झाले, तेव्हा माझी जीभ उचलली नाही. चहाचं सांगितलं होतं मी. थांबत थांबत गेलं असतं, तर जनावर पोचलं असतं."

"आणि शरयू?"

त्यांनी हात जोडले. म्हणाले, "गाडी माझ्याकडे सोडा. मी दुसरा ब्लॉक शोधून बसवून देतो, कितीही दिवस लागोत." मी म्हटलं, "तुमचा हात आमच्या कशालाही लागायला नको." येताना मी ती सुतळी खुंटीवरून ओढून घेतली आणि वाटेत गटारात टाकली. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात "तो" म्हणायचं ठरवलं होतं. पण आताही लिहिताना जीभ वळत नाही, हे बघतच आहात.

नानांनी शेवटी सरकारांना अगदी अदबीचं पत्र लिहिलं. कारभाऱ्याच्या हातचं उत्तर आलं, की गाडीच्या प्रकृतीबद्दल मिस्त्रीनं सर्वांसमक्ष निर्वाळा दिला होता, सबब जी काही लबाडी असेल ती मिस्त्रीची. ते उत्तर गावभर झालं. काकांनी कुणालाही काही सांगितलं नाही. ना हो, ना नाही. हळूहळू लोक त्यांना विचारीनासे झाले. सरकारांनी मोटारखान्याची जागाही विकली आणि तिथे गुदाम झालं. काका धारहून कुठे गेले, ते आम्ही विचारलं नाही.

पुढे आम्ही सगळेच देवासला राहायला आलो. मला तिथल्या शाळेत जागा मिळाली. चार-पाच वर्षं गेली असतील. एका सकाळी शरयूला घेऊन मी इंदूरला निघाले होते. तिच्या उंच टाचेच्या बुटाचं माप द्यायचं होतं. टेकडीखालच्या मोटार स्टँडवर दोन खाजगी बस उभ्या होत्या आणि त्यांपैकी एकीच्या चाकापाशी, आमच्याकडे पाठ करून, एक म्हातारा बसला होता. खाकी कोट. बटणं मात्र साधी, काळी.

शरयू चालत होती. एक पाऊल जड, एक हलकं. त्या म्हाताऱ्याचा हात थांबला. त्यानं मान वळवली नाही. मान हळूच डावीकडे कलती केली आणि डोळे मिटले. ती लाकडी पट्टी कानाशी धरून ऐकावं तसं. शरयूची आठ-दहा पावलं त्यांनी ऐकली. मग उठून उभे राहिले आणि वळले.

"काका!" शरयूच बोलली. तिच्या मनात कधी काही राहतच नाही. "ओळखलंत?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली. तिच्या पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघायचं टाळलं. केस सगळे पांढरे झाले होते, त्यामुळे कान आणखीच मोठे दिसत होते. मग ते बसच्या समोर गेले. तळहात कोटाला पुसला आणि बॉनेट थोपटलं. थप, थप, थप.

"हिच्यात बसा, बई," म्हणाले. "ही पोचवेल."

शरयूनं पायरीवर हात ठेवलादेखील. मी तिचं मनगट धरलं आणि तिला दुसऱ्या बसकडे घेऊन गेले. मागे वळून पाहिलं नाही. खिडकीशी बसल्यावर दिसलंच. त्यांचा तळहात अजून त्या बॉनेटवर होता.

आमची बस आधी सुटली. इंजिन चालू झालं, गाडी गुरगुरली, हलली. मला खिडकीतून दिसलं, की काकांनी एकदम मान वर केली, डावीकडे कलती केली, डोळे मिटले, पुन्हा उघडले. आणि मग ते धावायला लागले. आमच्या बसच्या मागे, हात वर करून, काहीतरी ओरडत. त्या वयात, त्या धुळीत. काय ओरडत होते, ते आवाजात कळत नव्हतं. शरयू म्हणाली, "ताई, ते काहीतरी सांगताहेत. थांबव ना."

कंडक्टरनंही दारातून वाकून पाहिलं. मला विचारलं, "बहनजी, आपके आदमी हैं क्या? गाड़ी रुकवाऊँ?"

मी समोर बघत म्हटलं, "नहीं. मैं नहीं जानती."